उत्तर चुकलं तर आधी फरक काढा

पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी २२ वर्षं गेली. संध्याकाळी रोकड आणि वही जुळली नाही की आमचे जुने हेडक्लार्क पहिला प्रश्न एकच विचारत, "फरक कितीचा?" कुठे चुकलं, कोण चुकलं हे नंतर. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिले असण्याचा संभव, ५४ चे ४५ झाले असतील. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी जुळली तर जमेची नोंद खर्चाला पडली असेल. आणि फरक एखाद्या पावतीएवढाच असेल तर ती पावती लिहायची राहिली. म्हणजे चुकलेला आकडाच चूक कुठे आहे त्याचा पत्ता सांगत असे.

गेल्या पावसाळ्यात इथे गोव्यात, डिचोलीला आमच्या शेजारची मुलगी लॅपटॉप घेऊन सोप्यावर येऊन बसली. कॉलेजचं पहिलं वर्ष, पायथन या संगणकाच्या भाषेतली पहिली असाइनमेंट. "काका, लूप फिरतो, एरर काही येत नाही, पण उत्तर चुकतं." लूप म्हणजे त्याच ओळी फेरीफेरीने पुन्हा चालवणं. दुपारपासून तिने कोड कितीतरी वेळा बदलला होता: इथलं चिन्ह तिथे, ही ओळ वर, ती खाली. मी विचारलं, "फरक कितीचा, बाय?" ते तिला सांगता येईना, कारण बरोबर उत्तर किती यायला हवं हेच तिने काढलं नव्हतं. हा लेख तिच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुढे कोड मी देवनागरीत, आपण तो मोठ्याने वाचतो तसा लिहिला आहे. डेफ, फॉर, इन, रिटर्न, प्रिंट असे पायथनचे स्वतःचे सगळे शब्द आणि कोडमधले सगळे आकडे संगणकावर मात्र रोमन लिपीतच टाइप करायचे. नावांचं तसं नाही. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून व्हेरिएबलला (किंमत ठेवायच्या जागेला) आणि फंक्शनला (नाव देऊन बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्याला) देवनागरी नाव चालतं, त्यामुळे 'एकूण' किंवा 'वजनं' हे नाव तुम्ही खरोखर देऊ शकता. कोडमध्ये देवनागरी १ टाइप केला तर मात्र सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची एरर, येते. मराठी कीबोर्ड चालू राहिला म्हणून अडलेली मुलं मी पाहिली आहेत.

हाताने उत्तर काढा

तिची असाइनमेंट साधी होती. बागायतीतून रोज किती किलो काजूबी विकली त्याची लिस्ट घ्यायची, दर घ्यायचा आणि एकूण रक्कम परत देणारं फंक्शन लिहायचं. बाजारात दर काहीही असो, आपण उदाहरणापुरता १०० रुपये किलो धरू. वजनं अशी: १२, ९, १५, ०, ११. बेरीज ४७ किलो, म्हणून ४७०० रुपये. हे कागदावर लिहा आणि कागद समोर ठेवा. हा आकडा समोर नसेल तर कोडला हातच लावू नका. बरोबर काय ते माहीत नसताना केलेला प्रत्येक बदल अंदाजच असतो, आणि अशा दहा बदलांनंतर मूळ चुकीत तुमच्या नव्या चार चुका मिसळलेल्या असतात.

तिचा कोड असा होता ('व' म्हणजे त्या फेरीतलं एका दिवसाचं वजन):

डेफ रक्कम(वजनं, दर):
    फॉर व इन वजनं:
        एकूण = ०
        एकूण = एकूण + व * दर
    रिटर्न एकूण

उत्तर आलं ११००. फरक ३६०० चा. पण फरकाच्याही आधी त्या ११०० कडे नीट बघा. ११ किलो गुणिले १०० म्हणजे शेवटच्या दिवसाची विक्री. बाकीचे चार दिवस कुठे गेले? प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला 'एकूण' पुन्हा शून्य होतो, म्हणून मागचं सगळं पुसलं जातं आणि हातात फक्त शेवटची फेरी उरते. 'एकूण = ०' ही ओळ लूपच्या वर, फॉरच्या रेषेत नेली की ४७०० येतात.

आता समजा शून्याची ओळ जागेवर आहे, पण 'रिटर्न एकूण' ही ओळ चुकून चार जागा आत, लूपच्या पोटात गेली. मग उत्तर येतं १२००. तो पहिला दिवस. रिटर्न भेटताच फंक्शन संपतं, दुसरी फेरी होतच नाही. पायथनमध्ये ओळीच्या डावीकडची मोकळी जागा ही शोभेची नसते. कुठली ओळ लूपमध्ये आणि कुठली बाहेर, हे त्या जागेवरूनच ठरतं. म्हणून पहिल्याच दिवसाचं उत्तर आलं तर रिटर्न बघा, शेवटच्याच दिवसाचं आलं तर शून्य बघा. निम्म्याहून अधिक मुलांची अडचण इथेच सुटते, असा माझा अनुभव आहे.

एक, दहा, शंभर

खरी वजनं घेऊन चूक शोधायला वेळ लागतो, कारण ३६०० हा फरक कुठल्या दिवसांचा हे पटकन दिसत नाही. तपासणीसाठी वेगळी लिस्ट घ्या: १, १०, १००. दर १ ठेवा. बरोबर उत्तर १११. आता उत्तरातला एकेक अंक एकेका दिवसाची साक्ष देतो: एकम स्थान पहिल्या दिवसाचं, दशम दुसऱ्याचं, शतम तिसऱ्याचं.

१०० आले तर फक्त शेवटचा दिवस मोजला गेला, १ आला तर फक्त पहिला. ११० आले तर पहिला दिवस सुटला, ११ आले तर शेवटचा सुटला. २११ आले तर शेवटचा दिवस दोनदा धरला गेला. फंक्शन पहिल्यांदा बोलावलं तेव्हा १११ आणि दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा २२२ आले, तर 'एकूण' फंक्शनच्या बाहेर ठेवलेला आहे आणि मागची बेरीज पुसली जात नाही. पडद्यावर १, मग ११, मग १११ अशा तीन ओळी दिसल्या तर हिशेब बरोबर आहे, फक्त प्रिंटची ओळ लूपच्या आत राहिली आहे.

एकाच दिवसाची लिस्ट देऊन तपासू नका. एकच दिवस असेल तर पहिला आणि शेवटचा तोच, त्यामुळे वरच्या दोन्ही चुका लपतात आणि उत्तर बरोबर येतं. १०, १०, १० अशी सारखी वजनंही घेऊ नका. तीस यायला हवेत आणि वीस आले तर तीनपैकी कुठला दिवस सुटला हे कळायला मार्ग नाही.

११० आणि ११ ही उत्तरं बहुतेक वेळा रेंजमुळे येतात. रेंज ओळीने क्रमांक देतं, लेन लिस्टमध्ये किती वजनं आहेत ते सांगतं. लिस्टची मोजणी शून्यापासून सुरू होते. तीन वजनं असतील तर त्यांचे क्रमांक ०, १, २. रेंज(१, लेन(वजनं)) लिहिलं तर क्रमांक ० सुटला, म्हणजे पहिला दिवस गेला. रेंज(लेन(वजनं) - १) लिहिलं तर शेवटचा गेला. आणि रेंज(लेन(वजनं) + १) लिहिलं तर चौथं वजन मागितलं जातं, ते नसतंच, म्हणून इंडेक्स एरर येते.

रेंज(१, ५) मध्ये ५ का येत नाही, असं प्रत्येक जण विचारतो. कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, फोंडा-पणजी बस डोळ्यांसमोर आणा. फोंडा, फर्मागुडी, मंगेशी, बाणस्तारी, जुने गोवे, पणजी असे सहाच थांबे धरले, तर त्यांच्यामधले टप्पे पाच. थांबे मोजायचे की टप्पे, हा गोंधळ झाला की एकाचा फरक पडतो. रेंजमध्ये पहिला आकडा धरला जातो, शेवटचा धरला जात नाही. त्यामुळे ५ उणे १ केलं की किती फेऱ्या होणार ते थेट मिळतं: चार. शिवाय रेंज(०, ३) आणि रेंज(३, ६) एकमेकांना लागून बसतात, मधला ३ दोनदा मोजला जात नाही. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली एका छोट्या टिपणात हीच पद्धत का बरी, हे मुद्दे मांडून दाखवलं होतं. तरीही माझा सल्ला हा की क्रमांकाची गरज नसेल तर रेंज वापरूच नका. 'फॉर व इन वजनं' असं सरळ लिहा, म्हणजे एकाची चूक व्हायला जागाच राहत नाही.

वहीत चालवून बघा

फरकावरून चूक लक्षात आली नाही तर वहीत तीन रकाने आखा: फेरी, व, एकूण. मग स्वतः संगणक व्हा आणि एकेक ओळ चालवा. तिच्या पहिल्या कोडसाठी, १, १०, १०० या लिस्टवर, वही अशी भरली:

फेरी १, व १: एकूण ०, मग १
फेरी २, व १०: एकूण ०, मग १०
फेरी ३, व १००: एकूण ०, मग १००

दुसऱ्या ओळीतलं ते शून्य लिहिताना तिचा हात थांबला. "काका, इथे एक असायला हवा होता ना?" मला काही सांगावंच लागलं नाही. या कामात एकच पथ्य आहे: ओळीत जे लिहिलंय तेच करायचं. आपल्या मनात होतं ते नाही. मनातला कोड नेहमी बरोबर असतो, म्हणून नुसतं वाचून चूक दिसत नाही आणि हाताने लिहिलं की दिसते.

फेऱ्या जास्त असतील तर हेच काम प्रिंटकडून करून घ्या. लूपच्या आत, शेवटच्या ओळीवर प्रिंट(व, एकूण) लिहा. पायथन ३.८ पासून एफ-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणाआधी एफ लावलेल्या मजकुरात, महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह दिलं की नाव आणि किंमत दोन्ही छापून येतात. दहा प्रिंट एकदम लावले तर कुठला आकडा कुठला हे कळेनासं होतं, तेव्हा ते उपयोगी पडतं.

नवशिक्यांनी थॉनी हे सॉफ्टवेअर जरूर वापरावं. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात ते शिकणाऱ्यांसाठीच तयार झालं आणि फुकट मिळतं. त्यात डीबगचं बटण दाबून एकेक पाऊल पुढे गेलं की व्हेरिएबलच्या किमती बाजूला बदलताना दिसतात, आणि फंक्शनला कॉल झाला की त्याची वेगळी खिडकी उघडते. ती आपली वहीच, संगणकाने भरलेली. पण पहिल्या दोन-तीन वेळा स्वतःच्या हाताने भरा. पेन धरल्याशिवाय ते अंगात मुरत नाही.

फंक्शन: आत काय गेलं, बाहेर काय आलं

लूप सुधारला तरी तिचं काम संपलं नव्हतं. पडद्यावर ४७०० आले आणि खाली आणखी एक शब्द: नन. लूप सुधारताना तिने रिटर्नच्या जागी प्रिंट लिहून टाकलं होतं. हा फरक मी काउंटरच्या भाषेत सांगतो. प्रिंट म्हणजे खिडकीतून रक्कम मोठ्याने सांगणं. रिटर्न म्हणजे ती रक्कम हातात देणं. ऐकलेल्या रकमेत भर घालता येत नाही, हातात आलेलीत येते. फंक्शनने काहीच परत दिलं नाही तर पायथन 'नन' देतो, आणि पुढे त्यात आकडा मिळवायला गेलं की टाइप एरर येते. त्या एररमध्ये 'ननटाइप' हा शब्द दिसला की लगेच मागे जा आणि कुठल्या फंक्शनमध्ये रिटर्न राहिलं ते शोधा.

याच्या उलट चूकही होते. रिटर्न आहे, पण कॉल करताना नुसतं रक्कम(वजनं, १००) असं लिहून सोडलं. फंक्शन चाललं, उत्तर परत आलं, ते घ्यायला कुणीच नव्हतं. बँकेत पैसे भरायला माणूस पाठवला आणि पावती मागितलीच नाही, तसं. 'मिळकत = रक्कम(वजनं, १००)' असं लिहून ते धरून ठेवा. आणि कंस विसरून नुसतं 'रक्कम' प्रिंट केलं तर आकड्याऐवजी फंक्शनचं नाव आणि मेमरीतला एक लांबलचक पत्ता छापला जातो. ते दिसलं की समजायचं, फंक्शनला बोलावलंच नाही, नुसतं त्याच्याकडे बोट दाखवलं.

आत काय गेलं हे बघायला फंक्शनची पहिली ओळ म्हणून प्रिंट(वजनं, दर) लिहा. वापरणाऱ्याकडून इनपुटने घेतलेली किंमत आकडा नसते, मजकूर असतो. मजकुराला ३ ने गुणलं तर १२ चे ३६ होत नाहीत, १२१२१२ होतात. इनपुटभोवती इंट लावा, दशांश हवा असेल तर फ्लोट. इथे मात्र देवनागरी चालतं: वापरणाऱ्याने १२ देवनागरीत टाइप केले तरी इंट त्याचा बरोबर आकडा करतो.

पॅरामीटरचा, म्हणजे फंक्शनला कंसात दिलेल्या किमतींचा, क्रम हा आणखी एक सापळा. रक्कम(१००, वजनं) असं उलटं बोलावलं तर फंक्शनच्या आतल्या फॉरच्या ओळीवर एरर येते, की आकड्यावर फिरता येत नाही. ओळ दाखवली आतली, चूक मात्र बाहेर, बोलावणाऱ्याकडे. ही तरी बरी, ओरडून सांगते. 'नफा(विक्री, खरेदी)' मध्ये क्रम उलटला तर काहीच ओरडत नाही, नफ्याचा गुपचूप तोटा होतो. शंका असेल तर कॉलमध्ये नावासकट लिहा: दर=१००.

लिस्टच्या बाबतीत आणखी एक जपा. फंक्शनला लिस्ट दिली म्हणजे तिची प्रत दिली असं होत नाही. वही एकच, नावं दोन. फंक्शनच्या आत वजनं.सॉर्ट() केलं तर बाहेरची लिस्टही उलटीपालटी होते आणि सोमवारचं वजन गुरुवारी जाऊन बसतं. बेरीज तरी बरोबरच येते, म्हणून ही चूक उशिरा सापडते. तिथे सॉर्टेड वापरा, ते नवी लिस्ट देतं. त्याच कारणाने लूप फिरत असताना त्याच लिस्टमधून काही काढू नका. १२, ०, ०, ११ मधून शून्यं काढायला गेलात तर एकच निघतं. पहिलं शून्य काढताच मागची वजनं एकेक घर पुढे सरकतात आणि लूप दुसऱ्या शून्यावरून उडी मारून जातो.

थांबतच नाही तेव्हा

तिच्या मैत्रिणीने हीच असाइनमेंट व्हाइलने, म्हणजे अट खरी असेपर्यंत फिरणाऱ्या लूपने, लिहिली होती. १, १०, १०० ला बरोबर उत्तर. खरी वजनं दिली की पडदा गप्प.

क्र = ०
एकूण = ०
व्हाइल क्र < लेन(वजनं):
    इफ वजनं[क्र] == ०:
        कंटिन्यू
    एकूण = एकूण + वजनं[क्र] * दर
    क्र = क्र + १

चौथ्या दिवशी विक्री शून्य होती. कंटिन्यू, म्हणजे 'ही फेरी इथेच सोड', भेटलं, लूप वर गेला, पण क्र वाढवायची ओळ खाली राहिली. क्र तीनच, वजन शून्यच, पुन्हा कंटिन्यू. रात्रभर चालवलं तरी तिथेच. अशा वेळी कंट्रोल आणि सी एकत्र दाबा. प्रोग्रॅम थांबतो आणि थांबताना कुठल्या ओळीवर होता तेही सांगतो. ती ओळ लूपच्या आत असेल तर पुढचा प्रश्न हा: व्हाइलची अट ज्याच्यावर आहे ते प्रत्येक वाटेने बदलतंय का? इफच्या वाटेने, एल्सच्या वाटेने, कंटिन्यूच्या वाटेने, प्रत्येक वाटेवर बोट ठेवून बघा.

एक-दहा-शंभरची युक्ती इथे कमी पडली, कारण तिच्यात शून्य नव्हतं. म्हणून आता मी १, ०, १०, १०० अशी लिस्ट घ्यायला सांगतो. आणि लिस्ट हातात असेल तर व्हाइल नको, फॉर घ्या. किती फेऱ्या होणार ते आधी माहीत नसेल, उदाहरणार्थ वापरणारा 'पुरे' म्हणेपर्यंत वजनं विचारायची असतील, तिथे व्हाइल शोभतं.

एरर आली तर खालून वाचा

लाल अक्षरं दिसली की मुलं खिडकीच बंद करतात. करू नका. सगळ्यात खालची ओळ आधी वाचा, काय झालं ते तिथे असतं. तिच्या वर कुठे झालं ते, आणि त्याच्याही वर तिथपर्यंत कोणी कोणाला बोलावलं त्याची साखळी. पायथन ३.११ पासून ओळीतला नेमका कुठला भाग अडला त्याच्या खाली बाणासारखी खूणही असते. नेम एरर म्हणजे बहुधा स्पेलिंग चुकलं, किंवा फंक्शनच्या आतलं नाव तुम्ही बाहेर वापरताय. दाखवलेल्या ओळीत चूक दिसली नाही तर साखळीत एक पायरी वर चढा, बोलावणाऱ्याने काय दिलं ते बघा. सिंटॅक्स एररला मात्र वरची ओळही तपासा. तिथला कंस बंद करायचा राहिला असेल तर बोट कधीकधी खालच्या ओळीकडे दाखवलं जातं.

बदल एका वेळी एकच करा आणि लगेच चालवून बघा. उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घ्या, मगच दुसरा.

असाइनमेंट पाठवण्याआधी तपासणीचे सगळे प्रिंट काढून टाका, आणि ते काढताना एखादी कामाची ओळ गेली नाही ना हे बघायला १, ०, १०, १०० पुन्हा एकदा चालवा. मग रिकामी लिस्ट द्या. 'एकूण = ०' अजून लूपच्या आत असेल तर ते शून्य कधी लिहिलंच जात नाही आणि एरर येते. रिटर्न आत असेल तर नन येतो. सरासरी काढत असाल तर शून्याने भागाकार होतो, तिथे आधी एक इफ घाला. रक्कम बरोबर शून्य आली की फाइल सेव्ह करा आणि पाठवून द्या.